दवाखान्याचं नाव कुणी पुसलं

१

वरच्या मजल्यावरचे साहेब, तुम्ही गुन्हेगार आधी ठरवलात आणि चौकशी मागाहून नेमलीत. जिने तुमची सगळी यंत्रं उभी केली, तिला तुम्ही भर दुपारी पहारेकऱ्याकरवी बाहेर घालवलंत. तिचा डबा आत राहिला, तो द्यायचीही कुणाची छाती झाली नाही. आणि चौकशीला जी बाई आणलीत ती का आणलीत, तेही उघड आहे. निवृत्तीला टेकलेली बाई आहे, कशाला कुणाशी वाकडं घेईल, दाखवू तिथे सही करून घरी जाईल, असा तुमचा अंदाज. माणसांचा अंदाज घेणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

घडलं होतं ते असं. सरकारी दवाखान्याचं नाव गायब झालं. दारावरच्या पाटीवरचं नव्हे, यंत्रातलं.

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण एखाद्या जागेचं नाव टाइप केलं की एक सर्व्हर त्या नावाचा आकडा शोधून देतो, तेव्हा कुठे पान उघडतं. या सर्व्हरला डीएनएस म्हणतात. त्यातून नाव गेलं की इमारत जागच्या जागी, डॉक्टर आत, औषधं कपाटात, पण तिकडे जायची वाट एकाही कॉम्प्युटरला सापडत नाही.

पहिल्यांदा नाव गेलं त्या दुपारी ऑपरेशनच्या टेबलावर एक बाळंतीण होती आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट उघडेना. डॉक्टरांनी नव्याने रक्त काढलं, नव्याने तपासलं, तोवर नर्स तिचा हात धरून उभी राहिली. आई वाचली, मूल वाचलं. नाव परत घातलं. काही आठवड्यांनी ते परत गेलं.

सर्व्हरच्या नोंदीत दोन्ही वेळा एकच मजकूर होता. नाव पुसलं. कुठून, तर मुख्य कचेरीतून. कुणाच्या किल्लीने, म्हणजे यंत्रातल्या गुप्त परवलीने, तर सुतळीच्या.

सुतळी म्हणजे ती इंजिनीअर. अंगाने काटकुळी आणि वळली की तुटत नाही, म्हणून कचेरीने ठेवलेलं नाव. तिचं आणि साहेबांचं पटत नव्हतं हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. साहेबांना आणखी काय पाहिजे होतं? निलंबन झालं. चौकशीअंती बडतर्फी आणि वर पोलिसात तक्रार, असं ठरूनही गेलं. राहिली होती ती फक्त चौकशी.

चौकशीच्या बाईंनाही कचेऱ्यांनी नाव ठेवलेलं होतं, खोदकामबाई. त्या फाइल मागत नसत. माणसं मागत.

"अहवाल तयारच आहे," मोठे साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त नजर टाका."

"नजर टाकली," बाई म्हणाल्या. "आता तिच्या खुर्चीवर कोण बसतं ते दाखवा."

२

सुतळीच्या खुर्चीवर जावई बसला होता. तो कुणाचाच जावई नव्हता. खोली गार, सर्व्हरचा एकसुरी घुमघुमाट, आणि हा पाठीला उशी लावून फोनवर.

"हॅलो, पाणीपुरवठा? तुमच्या नावांची माहिती काढून पाठवा. हो, नेहमीचीच. काढून पाठवा म्हटलं." फोन ठेवला, दुसरा लावला. "हॅलो, दवाखाना? ताई, तुमच्या नावाची माहिती काढून पाठवायची आहे. बरं, उद्या सकाळी काढा."

बाई स्टूल ओढून बसल्या. "पाठवतात का?"

"कोण पाठवतंय, मॅडम. सांगायचं आपलं काम."

"तुम्हाला जावई का म्हणतात?"

"कामाला हात लावत नाही आणि लवकर रुसतो म्हणून." हे त्याने इतक्या सरळ सांगितलं की बाईंना तो थोडा आवडला.

"अहवालात लिहिलंय त्या एपीआयचं मला सांगा. मला कळेल असं सांगा, म्हणजे तुम्हाला कितपत कळलंय ते मला कळेल."

जावई हसला. "सोपं आहे. प्रत्येक कचेरीत नावांचा एक छोटा सर्व्हर. त्यात नाव घालायचं, बदलायचं, तर जाणता माणूस त्याच्यासमोर बसायला हवा. आता प्रत्येक कचेरीत कुठून आणणार? म्हणून सर्व्हरला एक दार बसवायचं. वेबच्या पानावरून कुणी निरोप धाडला की दार तो घेतं आणि आत काम होतं. ते दार म्हणजे एपीआय. ते बसवायला आमचा अख्खा दिवस जायचा, त्यातही काहीतरी राहायचंच. सुतळीने सगळी मांडणी एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे यंत्र आपोआप पाळेल अशा हुकुमांच्या यादीत घातली. बटण दाबा, चहा पिऊन या, दार बसलेलं."

"आणि ज्या पानावरून निरोप जातो, ते?"

"ते पान इथून, मुख्य कचेरीतून सगळ्यांना दिसतं."

"म्हणजे पाणीपुरवठ्यात बसून कुणी निरोप धाडला, तरी नोंदीत पत्ता मुख्य कचेरीचाच."

जावयाने उशी सारखी केली. "असं कुणी विचारलं नव्हतं."

"दाराला किल्ली असेल."

"असते ना. किल्ली दाखवल्याशिवाय दार कुणाचं ऐकत नाही."

"प्रत्येक दाराची वेगळी?"

"ते तिलाच विचारा, मॅडम. स्क्रिप्ट तिची."

"आणि तिची किल्ली आता?"

"निलंबन झालं त्याच दिवशी बंद केली. साहेबांनी सांगितलं, मी केली." हे बोलताना तो बाईंकडे नाही, स्क्रीनकडे बघत होता. आतापर्यंत सगळं बाईंकडे बघून बोलला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई सुतळीच्या घरी पोचल्या. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं आणि उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुम्हीच का त्या खोदकामबाई? या. पण आधी माझं ऐकून घ्या. हिने दवाखान्याचं नाव पुसलं म्हणतात. अहो, ही घरातला ओटा पुसत नाही, दवाखाना कशाला पुसेल?"

"आई," आतून आवाज आला.

"खरं तेच सांगतेय. वकिलासमोर आणि चौकशीसमोर लाजू नये."

सुतळी समोर येऊन बसली. डोळे सुजलेले नव्हते, पण रात्रंदिवस तेच तेच मनात घोळवणाऱ्या माणसासारखी ती बोलायला लागली. "स्क्रिप्ट माझी आहे. नाकारत नाही. पण कचेऱ्यांमध्ये चालतेय ती मी लिहिली तशी राहिलेली नाही."

"म्हणजे कशी?"

"सांगितलं तर म्हणाल, दुसऱ्यावर ढकलतेय."

"म्हणेन मग. तू सांग तर खरं."

"माझी स्क्रिप्ट प्रश्न विचारायची. या दाराची नवी किल्ली बनवू का? हे असं करू का? नक्की का? माणूस हो म्हणाला तरच पुढे. साहेबांना ते थांबणं खटकलं. उद्घाटन होतं, बाहेरून पाहुणे यायचे होते आणि त्यांना एका बटणात दार बसवून दाखवायचं होतं. म्हणाले, तुझं यंत्र किती प्रश्न विचारतं, माझी बायको विचारत नाही इतके. त्याला सांग, विचारू नकोस."

"आणि तू सांगितलंस."

"वरून हुकूम होता. मी त्यांना म्हटलं होतं, हे फक्त उद्घाटनापुरतं. नंतर सगळ्या कचेऱ्यांमध्ये तेच बटण फिरवलं. मी ओरडले तेव्हापासून आमचं वाजतंय."

"लेखी आहे काही?"

"साहेब लेखी कशाला देतील?"

"ऐकायला कुणी होतं?"

"होता एक. तो बोलणार नाही. त्याला माझी खुर्ची मिळाली."

सासूबाईंनी चहा आणून ठेवला. बाईंनी कप उचलला आणि खूप वेळ प्रश्न विचारत राहिल्या. लग्नाचे, नोकरीचे, मांडणीचे, भांडणाचे. सकाळ संपली. सासूबाईंनी जेवूनच जा म्हणून हट्ट धरला. ताटं वाढली जात होती तेव्हा बाईंचा फोन वाजला. मोठे साहेब होते.

"दवाखान्याचं नाव पुन्हा पुसलं गेलंय. आज सकाळी. तिचीच किल्ली. आता तरी सही कराल?"

बाईंनी समोर पाहिलं. सुतळी ताटात भात वाढत होती. तिचा फोन सकाळपासून बाईंच्या कोपराशी पालथा पडलेला होता.

४

"ती सकाळपासून माझ्यासमोर होती," बाईंनी जावयाला सांगितलं. त्या सर्व्हरच्या खोलीत येऊन थेट त्याच्यासमोर उभ्या होत्या. "फोनला तिने बोट लावलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता तिची किल्ली तुम्ही बंद केली होती. मग बंद किल्लीने दार उघडलं कसं?"

जावयाने स्क्रीनकडे तोंड वळवलं.

"दोनच शक्यता मला दिसतात. एक, तुम्ही किल्ली बंद केलीच नाही. दोन, तिच्या किल्लीने तुम्हीच आत गेलात, कारण ही खुर्ची तुम्हाला कायमची हवी होती."

"मॅडम, देवाशपथ, मी नाव पुसलं नाही."

"मग पहिली शक्यता."

त्याने उशी पाठीमागून काढली आणि मांडीवर घेतली, लहान मूल घेतं तशी. "बंद केली होती. खरंच केली होती. आणि केल्याबरोबर फोन सुरू झाले. पाणीपुरवठ्याचं पान बंद. शाळाखात्याचं बंद. अग्निशामकचं बंद. सगळ्यांची दारं एकदम बंद पडली. मी घाबरलो. किल्ली परत चालू केली आणि कुणाला सांगितलं नाही."

"साहेबांना?"

"त्यांना सांगितलं. म्हणाले, चालू राहू दे, बोलू नकोस."

बाई खाली बसल्या. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. नवी किल्ली बनवू का, असं विचारायचं यंत्राला बंद केलं होतं. न विचारता त्याने काय केलं असेल? नवी किल्ली बनवलीच नसेल. जी पहिल्यांदा होती, सुतळीने पहिल्या चाचणीसाठी आपल्या नावाने बनवलेली, तीच प्रत्येक दारात बसवत गेलं असेल. गावातल्या सगळ्या दारांना एक किल्ली.

"म्हणजे 'सुतळीच्या किल्लीने पुसलं' याचा अर्थ, ज्याच्यासमोर ते पान उघडं आहे अशा कुणीही पुसलं."

"हो," जावई म्हणाला.

"आणि हे माहीत असूनही तिला घरी बसवलं."

बाई उठल्या. सुतळी सुटली होती, पण आता संशयित एक नव्हता. गावातली प्रत्येक कचेरी संशयित होती.

आणि तरीही पुसलं जात होतं ते नेहमी दवाखान्याचंच नाव.

५

दवाखान्याचा नोंदणी विभाग जिन्याखाली होता. एक टेबल, एक कॉम्प्युटर, वर पाइपमधून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी ठेवलेली बादली. नोंदणीच्या ताई टेबलामागे, आणि टेबलापुढे जमिनीवर मांडी घालून एक माणूस प्रिंटर उघडून बसलेला.

"बाई, दाखवा यांना काहीतरी," ताई म्हणाल्या. त्यांना वाटलं बाई प्रिंटरच्या कंपनीकडून आल्या. "महत्त्वाचं असलं की हा प्रिंटर बसतो. एरवी पेशंटची चिठ्ठी, बिल, सगळं फाडफाड देतो. मुख्य कचेरीचं काम आलं की याच्या पोटात दुखतं."

"ताई, हा प्रिंटर माझ्यापेक्षा ठणठणीत आहे," प्रिंटरवाला म्हणाला. "कागद भरलेला, शाई भरलेली. मागच्या वेळीही सांगितलं, त्याच्या मागच्या वेळीही सांगितलं."

बाईंचे कान टवकारले. "मागच्या वेळी कधी आला होतात?"

त्याने आठवून सांगितलं. तो दिवस बाईंना पाठ होता. दवाखान्याचं नाव दुसऱ्यांदा गेलं तो दिवस. "आणि त्याच्या मागच्या वेळी?" त्याने पहिल्या वेळचा दिवस सांगितला, वर म्हणाला, "त्या दिवशी ऑपरेशनवरून इथे पळापळ चालली होती ना, म्हणून लक्षात आहे. मी निघालो आणि मागाहून ते सुरू झालं."

आणि आज तिसरी वेळ. आजही तो इथेच.

प्रिंटर दुरुस्त करायचा म्हणजे ताईंच्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. ताई चहाला जाणार. पान उघडं. बाईंनी त्याच्या पिशवीकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही आलात की या दवाखान्याचं नाव जातं," त्या म्हणाल्या. "दर वेळी. हे कसं काय?"

प्रिंटरवाल्याच्या हातातला पेचकस थांबला. ताई तोंडाकडे बघत राहिल्या.

"मी आलो की?" तो म्हणाला. "बाई, मी बोलावल्याशिवाय कुठे जात नाही. बहिणीच्या घरीसुद्धा. यांचा फोन येतो, मग मी येतो."

बोलावल्याशिवाय नाही. बाई तिथेच खिळल्या. नाव पुसलं तरी ते लगेच दिसेनासं होत नाही, हे सुतळीने सकाळी बोलता बोलता सांगितलं होतं. ज्या कॉम्प्युटरांनी आकडा नुकताच विचारून घेतलेला असतो, ते काही तास तो लक्षात ठेवतात, त्यांचं काम चालू राहतं. सकाळी पुसलेलं नाव दुपारी जाणवतं. मग हा माणूस नाव जायच्या आधी येत नव्हता. नाव गेल्यावर येत होता. सगळ्यांना कळायच्या आधी आणि पुसून झाल्याच्या नंतर.

म्हणजे प्रश्न तो आल्यावर काय करतो हा नव्हताच. त्याला बोलवायच्या आधी काय होतं, हा होता.

"ताई," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आज सकाळी प्रिंटर बसला, त्याच्या आधी तुम्ही नेमकं काय केलंत? मला करून दाखवा."

"करायचं काय त्यात. मुख्य कचेरीचं पान उघडलं. हे आपल्या दवाखान्याचं नाव, आता दुपारी मुख्य कचेरीने परत घातलंय वाटतं. यावर टिचकी मारली. आणि मग हे..."

ताईंचं बोट बटणावर टेकणार, इतक्यात बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

६

बटणावर एकच शब्द होता. काढा.

"माहिती काढून पाठवा म्हणाले," ताई सांगत होत्या. "मी काढलीच ना. पान म्हणतं 'काढलं'. मी बघतेय प्रिंटरकडे, तर हा ढिम्म."

प्रिंटरवाला गालात हसला. "इथले वॉर्डबॉय म्हणायचे, दवाखान्याच्या पानावर काढा नाही तर काय चहा असणार?"

बाई हसल्या नाहीत. ताईंच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. आधी कळणं, मग न मानणं, मग एक हात तोंडावर.

"म्हणजे ती बाळंतीण," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी जिन्यात तिच्या आईला पाणी दिलं होतं. म्हणजे ते मी..."

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "पान तुम्हाला काही विचारत नाही? नक्की का, वगैरे?"

"नाही बाई. विचारलं असतं तर मी वाचलं नसतं का?"

दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून बाईंनी सुतळीला फोन लावला.

"बटणावर 'काढा' कुणी लिहिलं?"

"मी 'पुसा' लिहिलं होतं. साहेब म्हणाले, दवाखान्याच्या नावापुढे 'पुसा' बरं दिसतं का? आणि म्हणाले, पुसा म्हणजे विचारा, असंही कुणी समजेल, घोळ होईल. 'काढा' कर, सुटसुटीत आहे. का हो?"

"आणि ते 'विचारू नकोस'? ते मांडणीपुरतंच होतं ना?"

"होतं मांडणीसाठीच. पण दार बसवताना जे सांगाल ते दार कायमचं लक्षात ठेवतं. परत विचारायला लावायचं तर प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलायला हवं. मी त्यांना म्हटलं होतं. म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नकोस." तिचा आवाज बदलला. "बाई, काय सापडलं?"

"उद्या सुनावणीला ये. आणि एक खोटं नाव बनवून आण, पुसलं तर कुणाचं काही बिघडणार नाही असं."

"बनवते. पण मला आत घेणार नाहीत. पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय."

"माझ्या हाताला धरून ये," बाई म्हणाल्या. "म्हातारीला जिना चढवायला कुणी अडवत नाही."

७

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. मोठे साहेब टोकाला. जावई भिंतीकडेला. दवाखान्याच्या ताई दाराजवळ, मांडीवर पर्स घट्ट धरून. सुतळी बाईंच्या शेजारी. भिंतीवर पडदा, त्यावर मुख्य कचेरीचं पान, कोपऱ्यात प्रिंटर.

"मला ही मुलगी इथे चालणार नाही," साहेब म्हणाले.

"दहा मिनिटं चालवून घ्या. माझा अहवाल जवळजवळ झालाय, एकच कागद कमी आहे." बाईंनी कॉम्प्युटर साहेबांच्या पुढ्यात सरकवला. "पानावर 'सुनावणी' असं नाव आहे. त्याची माहिती तेवढी काढून द्या ना, साहेब. मला या यंत्रांचं जमत नाही."

खुर्चीत मागे रेलून साहेबांनी चष्मा लावला. माणसाला मदत मागितली की तो सैल होतो, साहेबसुद्धा. त्यांनी नावावर टिचकी मारली, मग बटणावर. पान म्हणालं, काढलं.

सगळे प्रिंटरकडे बघू लागले. साहेबही.

"प्रिंटर बिघडलाय वाटतं," साहेब म्हणाले.

ताईंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलले. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते कळेना.

"पडद्यावर बघा," बाई म्हणाल्या. 'सुनावणी' हे नाव पानावर नव्हतं. सुतळीने नोंद उघडली. नाव पुसलं. मुख्य कचेरीतून. सुतळीच्या किल्लीने.

"आत्ता नाव पुसलंत तुम्ही, आणि यंत्र म्हणतंय हिने पुसलं. दवाखान्यात तीनदा झालं ते हेच. खालच्या सर्व्हरच्या खोलीतून फोन जातो, माहिती काढून पाठवा. बाकीच्या कचेऱ्या ऐकत नाहीत म्हणून त्यांची नावं शाबूत आहेत. या ताई सांगितलेलं काम करतात, म्हणून यांचा दवाखाना गेला. प्रिंट काढा, उतारा काढा, दाखला काढा, आयुष्यभर यांनी काढा म्हणजे कागद बाहेर काढा एवढंच ऐकलंय."

साहेब सावरले. त्यांना सावरायला वेळ लागत नाही, ती त्यांची खरी विद्या. "म्हणजे चूक या बाईंच्या हातून झाली. तसं लिहा. मुलीला समज देऊन सोडू, यांच्यावर कारवाई करू. प्रकरण मिटलं."

ताईंनी पर्स आणखी घट्ट धरली.

"यांच्या हातून झालं तेच आत्ता तुमच्या हातून झालं," बाई म्हणाल्या. "मग कारवाई दोघांवर करायची का? हात कुणाचा होता ते मी शोधत नव्हते. दर दाराला वेगळी किल्ली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की निरोप दवाखान्यातूनच आला. यंत्राने 'नक्की का' विचारलं असतं तर ताई थांबल्या असत्या. बटणावर 'पुसा' असतं तर त्यांनी बोटच लावलं नसतं. या तिन्ही गोष्टी हिने केल्या होत्या. तिन्ही कुणीतरी काढायला लावल्या."

"मी असं काही सांगितल्याचं कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठेच नाही."

"मग विषय संपला."

"ऐकणारं कुणी असेल तर नाही संपला."

सुतळीने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. जावई आपल्या बुटांकडे बघत होता. कचेरीत त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातलं बहुतेक असंच, बुटांकडे बघत.

"मी होतो," तो म्हणाला. मग मान वर करून परत म्हणाला. "मी होतो तिथे. 'विचारू नकोस' म्हणाले, मी ऐकलं. 'काढा' कर म्हणाले, तेही. किल्लीचं मी नंतर जाऊन सांगितलं, तेव्हा बोलू नकोस म्हणाले." त्याने पहिल्यांदा सुतळीकडे पाहिलं. "तुझी खुर्ची फार टोचते गं. उशी लावली तरी."

"तुमची नोकरी नकोशी झालीय का?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही," जावई म्हणाला. "पण सही मागितलीत तर करेन."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्याची सही घेतली. मग खाली आपली केली. साहेबांनी घड्याळ बघितलं, फाइल मिटली आणि खुर्ची मागे सरकवली.

"अहवाल मिळाला. विचार करून कळवतो. पुढच्या तारखेला बघू."

बाई उठून दारापाशी गेल्या. अडवायला नाही, टेकायला. गुडघे दुखत होते त्यांचे.

"पुढची तारीख कशाची, साहेब? ते पान या घटकेला सगळ्या कचेऱ्यांत उघडं आहे. आग लागली की ज्यांना बोलावतात त्यांचंही त्यात नाव आहे. उद्या तिथे एखादा नवा, कामसू माणूस रुजू झाला आणि खालून त्याला फोन गेला, तर? हे दुरुस्त करता येतं एका माणसाला, आणि तिला तुम्ही फाटकातून आत घेत नाही. ती आजच्या आज गाडी घेऊन प्रत्येक कचेरीत जायला तयार आहे, मी विचारलंय तिला. मला फक्त एवढंच सांगा. हिचं निलंबन आत्ता, या खोलीत, मागे घेताय की नाही? हो म्हणा, नाही म्हणा. पण बघू म्हणू नका, साहेब. उत्तर द्या."